स्पाइक गार्ड कुठवर पुरतो?

घरातली वीज २३० व्होल्टची म्हणतात, पण तारेतला दाब २३० वर कधीच थांबलेला नसतो. सेकंदाला ५० वेळा तो हेलकावे घेतो आणि प्रत्येक हेलकाव्याच्या टोकाला सुमारे ३२५ व्होल्टला पोचतो. संगणकाच्या एसएमपीएसमधला, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या डब्यातला, मोठा कपॅसिटर भरतो तो या टोकाच्या दाबाने. अंगठ्याएवढ्या जाडीच्या या नळकांड्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट असा आकडा छापलेला असतो. साध्या एसएमपीएसमध्ये २०० व्होल्टचे दोन कपॅसिटर एकापुढे एक जोडतात, हिशेब तोच. म्हणजे सहन करण्याची शिल्लक जेमतेम पाऊणशे ते सव्वाशे व्होल्टची. ती ओलांडली गेली तरी संगणक जळेलच असे नाही. जादा दाब किती वेळ टिकला, यावर बरेच काही ठरते. संरक्षणाची साधनेही या वेळेच्या हिशेबानेच वेगवेगळी आहेत, आणि बाजारात मात्र ती सगळी एकाच नावाखाली विकली जातात.

सर्वांत अल्पायुषी तो स्पाइक किंवा सर्ज. त्याचा जीव काही मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत मोजण्याचा. पाण्याचा पंप बंद होताना मोटारीच्या गुंडाळीत साठलेली ऊर्जा तारेत उसळते, तेव्हा छोटा स्पाइक येतो. मोठा येतो आकाशातून. वळिवाच्या पावसात कोसळणारी वीज साधारण ३०,००० अँपिअर प्रवाहाची असते. ती घरावरच पडायला हवी असे नाही. काही अंतरावर पडली तरी खांबावरच्या उघड्या तारांत तिच्यामुळे हजारो व्होल्टचा दाब क्षणभर जागा होतो. प्रयोगशाळेत सर्ज प्रोटेक्टरची परीक्षा घेताना अशाच उसळीची नक्कल करतात. दाब १.२ मायक्रोसेकंदात टोकाला जातो आणि ५० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येतो. घरातला एमसीबी शॉर्टसर्किट झाल्यावर पडतो खरा, पण त्यालाही दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. तेवढ्यात असले दोनशे धक्के येऊन जातील.

या वेगाला पुरी पडणारी वस्तू दिसायला अगदीच किरकोळ असते. स्पाइक गार्ड उघडला तर आत जुन्या रुपयाएवढी, दोन पायांची, निळी किंवा पिवळी चकती दिसते. हा मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर, थोडक्यात एमओव्ही. जपानच्या मात्सुशिता कंपनीतील मिचिओ मात्सुओका यांनी झिंक ऑक्साइडच्या या गुणधर्मावरचा निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. झिंक ऑक्साइडच्या भुकटीत बिस्मथसारख्या धातूंची ऑक्साइडे किंचित मिसळून ती भट्टीत भाजली, की कणाकणांमध्ये अतिपातळ सीमा तयार होतात. अशी प्रत्येक सीमा साधारण तीन व्होल्टपर्यंत प्रवाह अडवते. दाब त्यापुढे गेला की ती एकदम वाट मोकळी करते. चकतीच्या जाडीत एकापुढे एक अशा सव्वाशे-दीडशे सीमा मांडल्या, की चारशे-साडेचारशे व्होल्टपर्यंत मुकाट बसणारी आणि त्यावर नॅनोसेकंदांत वाहू लागणारी चकती मिळते. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये ती बसवली, की जादा प्रवाह संगणकाकडे न जाता चकतीतूनच माघारी वळतो.

चकतीवर बारीक अक्षरात ४३१ किंवा ४७१ असा आकडा असतो. पहिले दोन अंक तसेच वाचायचे, तिसरा अंक पुढे किती शून्ये ते सांगतो. ४३१ म्हणजे ४३० व्होल्ट, या दाबाला चकती जागी होते. ऐन धक्क्यात मात्र तिच्या दोन पायांमधला दाब सातशे व्होल्टच्या घरात जातो. चारशेच्या कपॅसिटरसाठी हे जास्तच वाटेल, पण इतक्या थोड्या वेळात त्याच्यात फारसा भार शिरतच नाही. वीस मायक्रोसेकंदांच्या पावसाने हौद भरत नाही, तशातला प्रकार. खोक्यावर छापलेला ज्यूलचा आकडा सांगतो तो चकती मरण्यापूर्वी किती ऊर्जा गिळू शकेल ते. आकडा मोठा असणे चांगले, पण प्रत्येक मोठ्या धक्क्यागणिक चकती थोडी झिजते आणि ही झीज बाहेरून दिसत नाही. पाच-सात पावसाळे पाहिलेला स्पाइक गार्ड पुष्कळदा नुसता एक्स्टेंशन बोर्ड उरलेला असतो.

पुष्कळ स्पाइक गार्ड तर जन्मापासूनच एक्स्टेंशन बोर्ड असतात. स्वस्त मालाच्या पोटात एक फ्यूज, एक स्विच आणि लाल निऑन दिवा एवढेच निघते. चकतीचा पत्ता नसतो. तो लाल दिवा संरक्षण चालू असल्याची खूण आहे, अशी समजूत सर्वत्र आहे. तो फक्त स्विच चालू असल्याचे सांगतो. चकती शाबूत असल्याचा वेगळा दिवा आणि चकती तापली तर जोडणी तोडणारा थर्मल फ्यूज, या दोन गोष्टी ज्यात आहेत त्यालाच सर्ज प्रोटेक्टर म्हणावे.

दुसरे संकट सेकंद-मिनिटे टिकणारे, आणि घरोघरची उपकरणे सामुदायिकरीत्या जळतात ती बहुधा याने. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतात. कोणत्याही फेजचा न्यूट्रलशी दाब २३० व्होल्ट, पण दोन फेजमधला ४०० व्होल्ट. वाऱ्यावादळात डीपीवरचा न्यूट्रल तुटला किंवा त्याचा सांधा सैल झाला, की तीन फेजवरची घरे न्यूट्रलचा आधार सुटून एकमेकांशी टांगली जातात. ज्या फेजवर भार जास्त तिथला दाब कोसळतो, ज्यावर कमी तिथला चढतो आणि चारशेच्या जवळ जाऊ शकतो. गल्लीत एका घरचे दिवे मंद आणि शेजारचे डोळे दिपवणारे, पंखा भलताच गरगरतो आहे, हे न्यूट्रल गेल्याचे लक्षण. अशा वेळी करण्याजोगी गोष्ट एकच, मेन स्विच बंद करणे. त्यानंतर वायरमनला फोन.

चारशे व्होल्टचे टोक होते ५६५ व्होल्ट. एसएमपीएसमधला कपॅसिटर काही क्षण फुगतो, त्याचे चरे पाडलेले टोपण उकलते आणि आंबूस जळका वास खोलीत पसरतो. स्पाइक गार्ड इथे जवळजवळ निरुपयोगी. पुरवठा तीनशे व्होल्टच्या आसपास चढला, म्हणजे त्याचे टोक ४३० च्या जवळ पोचले, की त्याची चकती वाहू लागते, पण धक्का मायक्रोसेकंदांत ओसरेल या बेताने ती घडवलेली असते. सतत वाहावे लागले की ती तापते, तडकते, कधी पेट घेते. चांगल्या बनावटीत ती मरताना फ्यूज उडवून जाते आणि संगणक वाचतो. वाईट बनावटीत प्लास्टिक जळते. या संकटावर उतारा आहे तो दाब मर्यादेबाहेर गेल्यास पुरवठाच तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर. त्यात रिले असतो आणि दाब पूर्वपदावर आल्यावर काही वेळ थांबूनच तो पुन्हा जोडतो. हाय-कटऑफ असलेला स्टॅबिलायझरही हे काम करतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका असतो. यूपीएसच्या बाजूला ठेवला तर तो साधारण १८० ते २६० व्होल्ट एवढाच पुरवठा आत घेतो, एरवी बॅटरीवर जातो. नॉर्मलवर तो याहून बराच चढउतार आत सोडतो. पंख्याला ते चालते. संगणक असलेल्या घरात खटका यूपीएसवरच हवा.

अर्थिंगचा विषय कंटाळवाणा मानला जातो, म्हणून तिसरी पिन मोडून दोन पिनांचा ॲडॉप्टर लावण्याची चाल पडली. फेज-न्यूट्रलमधली चकती अर्थिंगशिवायही काम करते. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ यांमधल्या चकत्यांना मात्र जादा प्रवाह टाकायला जागाच उरत नाही. अर्थिंग नसल्याची एक घरगुती खूण आहे. अनवाणी उभे राहून संगणकाच्या पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसमधले गोंगाट गाळणारे दोन कपॅसिटर कॅबिनेटला फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास नेऊन ठेवतात. अर्थिंग असते तर तो दाब जमिनीत गेला असता. मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे लागते, कारण कोरडी माती प्रवाह नीट घेत नाही.

मग मागच्या दारांची गोष्ट. शहरांत कित्येक ठिकाणी इंटरनेटची लॅन केबल गच्चीवरून गच्चीवर टाकलेली असते. जवळ वीज कडाडली की तिच्यातला दाब राउटरच्या पोर्टमधून मदरबोर्डपर्यंत पोचतो. सॉकेट उत्तम सर्ज प्रोटेक्टरला जोडलेले, आणि जळाले ते लॅन पोर्ट, हा अनुभव दुरुस्तीवाल्यांना पाठ असतो. टीव्हीच्या डिश केबलचेही तसेच. फायबर काचेचा असल्याने त्याच्या तंतूतून वीज येत नाही, हा मोठाच फायदा. पण काही फायबर केबलींना आधारासाठी पोलादी तार असते, आणि फायबरच्या डब्याचा ॲडॉप्टर तर सॉकेटलाच लावलेला असतो.

यूपीएसचे मुख्य काम निराळे आहे. लाईट अचानक गेली तर जळत काही नाही, पण हार्ड डिस्कवर अर्धवट लिहिलेली फाइल बिघडू शकते. वीज गेल्यावरही एसएमपीएसचा कपॅसिटर संगणकाला सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरून ठेवतो. साधा ६०० व्हीएचा यूपीएस दहा मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर जातो, म्हणून संगणक रीस्टार्ट होत नाही. पुढची दहा-पंधरा मिनिटे काम सेव्ह करून बंद करण्यासाठी. आतल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचे आयुष्य दोन-तीन वर्षे. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये, तापताना तो एकदम फार प्रवाह ओढतो.

घरावरच वीज पडली तर यातले काहीच पुरत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप २० ते ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजांची सूचना देते. त्या वेळी प्लग काढून ठेवावा. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही, कारण तो एकच तार तोडतो आणि त्याच्या आतली काही मिलिमीटरची फट हजारो व्होल्टना ओलांडता येते. लॅन केबल आणि डिशची केबलही काढावी. हे सगळे वीज डोक्यावर येण्याआधी करायचे. गडगडाट सुरू असताना तारांना हात लावू नये. लाईट आल्यावर पहिली काही मिनिटे दाब वरखाली होत असतो, तेव्हा ट्यूबलाइट स्थिर जळू लागल्यावरच प्लग पुन्हा लावावा.