पुरानंतरचे वाचनालय

पूर ओसरला की माणसे, गुरे, धान्य, घरे यांची मोजदाद होते, पंचनामे होतात. पुस्तकांकडे लक्ष जायला चार-सहा दिवस लागतात, आणि पुस्तके वाचवायची तर नेमके तेच दिवस मोलाचे असतात.

हा विषय मी का निवडला, असे कोणी विचारील. आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिली मीच. घरात छापील म्हणावे ते रेशनकार्ड, सातबारा आणि भिंतीवरचे कॅलेंडर. बाकी सारे वाचन खांडबाऱ्यातल्या एका खोलीतील दोन कपाटांतून झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये आमच्या नवापूर तालुक्यात रंगावलीला मोठा पूर आला. तेव्हा मी लहान होते, पण आता पाऊस जोराचा लागला की मला ती कपाटे आठवतात.

अशा प्रसंगातून उठलेले वाचनालय पाहायचे तर चिपळूणला जावे. तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ साली स्थापन झालेले. २६ जुलै २००५ च्या महापुरात त्याची फार हानी झाली. ते पुन्हा उभे राहिले, इतके की जानेवारी २०१३ मध्ये ८६ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद त्याने सांभाळले. पुढे २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी पुन्हा आत शिरले आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयाचीही तीच गत केली.

भिजलेल्या पुस्तकाचे होते तरी काय? कागद पाणी पिऊन फुगतो, आणि कपाटात गच्च भरलेली पुस्तके अशी अडकतात की ओढली तर पुठ्ठे हातात येतात. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. गुळगुळीत कागदाची चित्रांची पाने एकदा चिकटून वाळली की सुटत नाहीत. आमच्या नंदुरबारकडे काहीही ओले झाले की मिरचीसारखे पथारीवर उन्हात टाकायची सवय. पण कडक उन्हात पुस्तक वाकडे होते. ते सावलीत, वाऱ्यावर, उभे करून, पानांमध्ये कोरे कागद घालून वाळवावे लागते. नोव्हेंबर १९६६ मध्ये इटलीत आर्नो नदी फ्लोरेन्स शहरात घुसली आणि राष्ट्रीय ग्रंथालयातील लाखो ग्रंथ चिखलात गेले, तेव्हा देशोदेशींचे विद्यार्थी हातोहात ते बाहेर काढीत होते. ग्रंथ वाळवायला तंबाखू सुकविण्याची कोठारेसुद्धा वापरली गेली. भिजलेली पुस्तके गोठवून ठेवली तर बुरशी थांबते आणि सवडीने वाळवता येतात, ही रीत त्यानंतरच्या काळात रूढ झाली. म्हणजे अडचणीच्या वेळी शीतगृहवाल्याची ओळख ग्रंथपालाच्या उपयोगी पडेल!

वाळवण्याइतकाच अवघड भाग पुढे येतो. वाचनालय बुडाले म्हटले की लोक मदत पाठवितात, आणि ते चांगलेच. पण त्या गठ्ठ्यांत जुनी गाइडे, अभ्यासक्रमातून गेलेली पाठ्यपुस्तके आणि एकाच कादंबरीच्या पाच-पाच प्रती निघाल्या, तर कपाट भरते आणि वाचक रिकाम्या हाताने परततो. माझ्या मते पुस्तके मागण्याआधी यादी करावी: काय होते, त्यातले काय वाचले जात होते, काय बाजारात पुन्हा मिळेल. ही यादी दाखल नोंदवहीवरून होते, आणि ती वहीच टेबलाच्या खालच्या खणात भिजून गेली तर काय करणार? १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता व अनुदान मिळते. कोलकात्याचे राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून ग्रंथखरेदीला साहाय्य करते. पण पुन्हा विकत घेता येते ते फक्त छापील पुस्तक.

आमच्या त्या दोन कपाटांतल्या कादंबऱ्या उद्या गेल्या तरी नाशिक-पुण्याहून आणता येतील. तळच्या फळीवर मात्र एक शंभर पानी वही आहे. तिच्यात कोणीतरी मावची बोलीतली लग्नाची गाणी पेनाने उतरवून ठेवली आहेत. ती दुसरीकडे कोठेही नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी ती वरच्या फळीवर ठेवली, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, आणि मोबाइलवर तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला. नोंदवहीची अजून साठ पाने राहिली आहेत.