दोन कान, एक निवाडा

डोळे मिटून बसलों असतांही कोणीं हांक मारिली तर ती उजवीकडून आली कीं डावीकडून, हें आपण तत्काळ सांगतों. हें ज्ञान एकट्या कानाचें नव्हे. तें दोहोंच्या तुलनेंतून उत्पन्न होतें.

समजा, उजवीकडे घंटा वाजली. तिचा नाद डाव्या कानीं किंचित् मागाहून पोंचतो. हें अंतर फार झालें तर सेकंदाच्या सुमारें १५०० व्या भागाइतकें असतें. शिवाय मस्तक आड येत असल्यामुळें उंच स्वर त्या कानीं क्षीण होऊन पोंचतात. खर्जाच्या ध्वनीस वेळेचा व उंच स्वरास तीव्रतेचा फरक उपयोगी पडतो, हा सिद्धांत लॉर्ड रॅले यांनीं १९०७ सालीं मांडिला.

तीव्रतेची तुलना कशी होते तें पाहूं. मज्जारज्जूच्या माथ्यावर मेंदूचें खोड आहे. त्यांत दोन्ही बाजूंस मज्जापेशींचा एकेक पुंज असतो. उजव्या पुंजास उजव्या कानाची वार्ता उत्तेजित करिते. डाव्या कानाची वार्ता मात्र मध्यरेषा ओलांडून एका मध्यस्थ पेशीकडे येते, आणि ही पेशी ग्लायसीन नांवाचें द्रव्य सोडून त्याच पुंजास आवरून धरिते. म्हणजे एक कान ‘बोल’ म्हणतो, तर दुसरा ‘थांब’ म्हणतो! ध्वनि उजवीकडे असल्यास उत्तेजन वरचढ ठरतें. डावीकडे असल्यास निरोध. या वजाबाकीवरून दिशेचा बोध होतो. निरोधाची वाट लांब व तींत एक मुक्काम अधिक. तरी त्यास उशीर होऊन चालत नाहीं. म्हणून मध्यस्थ पेशीस पेल्याप्रमाणें कवटाळणारें एक प्रचंड मज्जाग्र तेथें योजिलें आहे. त्याचें वर्णन हान्स हेल्ड यांनीं १८९३ सालीं केलें.

एक कान निकामी झाला कीं ही वजाबाकी बिघडते. माझ्या वर्गांतील एक मुलगा हांक मारितांच भलतीकडे पाही. मी त्यास अनवधानी समजून कित्येक दिवस रागें भरत असें. पुढें त्याच्या एका कानास ऐकूं येत नाहीं हें कळलें, तेव्हां मी खजील झालों. चांगला कान शिक्षकाकडे येईल अशा जागीं त्यास बसवितांच त्याचा अभ्यास सुधारला. पालकांनीं मुलांचें कान वाहणें किंवा कमी ऐकूं येणें क्षुल्लक न मानितां वैद्यांचा सल्ला घ्यावा.

निर्माणकर्त्यानें एका कानाच्या साक्षीस दुसऱ्याचा आवर घातला आहे. मीं मात्र त्या मुलाची बाजू न ऐकतांच निवाडा केला होता.