लाल गाळास गिऱ्हाईक

आमच्या धान्यबाजारात फुकट जाणारा माल जवळजवळ नाहीच. डाळ मिलमध्ये तुरीची डाळ निघते आणि मागे उरलेली चुणी व टरफले गुरांच्या दावणीस जातात. खनिजाच्या धंद्यास ही शिस्त अद्याप साधलेली नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या धंद्यात साठणारा लाल गाळ हे त्याचे ठळक उदाहरण होय. आपल्याच भोपाळातील एक प्रयोगशाळा ह्या गाळास गिऱ्हाईक मिळवून देण्याच्या खटपटीत आहे, म्हणून ही माहिती सभासद बंधूंपुढे ठेवीत आहे.

कोल्हापूरच्या डोंगरांत व अमरकंटकच्या पठारावर बॉक्साइट सापडते. ते दळून तप्त कॉस्टिक सोड्यात शिजविले म्हणजे त्यातील अ‍ॅल्युमिना विरघळते. लोहाचा गंज, सिलिका, टिटॅनियम इत्यादी मागे राहतात; हाच लाल गाळ. एक टन अ‍ॅल्युमिना काढताना सुमारे एक ते दीड टन गाळ पडतो. त्यात सोड्याचा दाहक अंश राहत असल्याने तो शेतात टाकता येत नाही. बांध घालून तलावात साठवावा लागतो. हंगेरीत आयका येथे 4 ऑक्टोबर 2010 रोजी असा बांध फुटला आणि 10 माणसे प्राणांस मुकली. आपल्याकडेही झारखंडातील मुरी येथे 2019 साली गाळाचा ढीग ढासळला.

भोपाळची ही संस्था 1981 साली प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली. 2007 पासून ती ‘अ‍ॅम्प्री’ ह्या नावाने ओळखली जाते. तिने प्रथम लाल गाळ, ताग व रेझिन ह्यांपासून लाकडासारख्या फळ्या केल्या. पुढे गाळात बेरियमचे संयुग मिसळून क्ष-किरण अडविणाऱ्या फरश्या सिद्ध केल्या. इस्पितळातील क्ष-किरण कक्षाच्या भिंतींस एरवी शिशाचे पत्रे लावतात. शिसे जड आणि विषारी. हा शोध बाजारात नेण्यास मात्र संशोधकांखेरीज फरशीचा कारखानदार व नियामक मंडळाची मान्यता, दोन्ही लागतात.

येथे व्यापाऱ्याची दृष्टी उपयोगी पडते, असे मला वाटते. गाळ जड आणि मोलाने हलका. दूर न्यावयाचा तर मालापेक्षा भाडे अधिक! म्हणून फरशीसारखा महाग माल दूरवर जाऊ शकतो, परंतु तो खपून खपणार किती? गाळाचे डोंगर हलवावयाचे तर सिमेंटच हवे. हिंदाल्कोने 2021 साली अल्ट्राटेकच्या सात राज्यांतील 14 कारखान्यांस दरसाल 12 लक्ष टन गाळ पुरविण्याचे जाहीर केले. दोन्ही कंपन्या एकाच समूहाच्या असल्याने हा सौदा सुकर झाला, हे उघड आहे.

नागपूरचे जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र व इतर प्रयोगशाळा ह्याच गाळातून दुर्मिळ धातू काढण्याच्या प्रयत्नात आहेत. त्यात नाल्को, हिंदाल्को व वेदांत ह्या परस्परांच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी हात मिळविला आहे. सिमेंटमध्ये मात्र सोड्याच्या अंशामुळे गाळ बेतानेच घालता येतो. तो आधी वाळवून सोडा उतरविण्याचा खर्च देणाऱ्याने सोसावा की घेणाऱ्याने, ह्यावरच पुढील सौद्यांचे भवितव्य अवलंबून राहील.