निवडून आलात, आता काट्यावर या !



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या सर्वांचा डोळा एकाच जागी असतो, तो म्हणजे वजनकाट्यावर. भरल्या गाडीचे वजन किती, पावतीवर आकडा काय पडला, हे पाहिल्याशिवाय कोणी गव्हाणीकडे हलत नाही. घामाचा माल आहे, म्हणून हा जागरूकपणा. पण ज्यांना आपण मत देतो त्यांचे वजन मात्र पाच वर्षांतून एकदाच करतो, आणि तेही घाईत !

अलीकडे ग्रामपंचायतीत, सोसायटीत, नगरपालिकेत आपली तरुण मुले-मुली निवडून येत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. १९९३ पासून घटनेनेच एकवीस वर्षांच्या तरुणाला पंचायतीची आणि नगरपालिकेची दारे उघडून दिली आहेत. पण गुलाल उधळून झाल्यावर पुढे काय ? आमच्या ओळखीच्या एका तरुण सदस्य मुलीने आम्हाला सरळच सांगितले, "काका, विषयपत्रिका आदल्या रात्री येते. सकाळी सही कुठं करायची तेवढं बोट ठेवून दाखवतात. विचारलं, तर म्हणतात, तू कालची पोर." हे ऐकून आम्हाला वाईट वाटले, आणि नवी मुंबईची आठवण झाली.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या पत्रिकेत नवी मुंबईचे काय काम ? अहो, आपला कांदा आणि गूळ वाशीच्या बाजारात उतरतो. सातारा-सांगलीकडची आपलीच माथाडी मंडळी कोपरखैरणे, घणसोलीत संसार करून आहेत. आणि मुख्य म्हणजे ते शहर शेतकऱ्याच्या जमिनीवर उभे आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील पंचाण्णव गावांची भातशेती व मिठागरे संपादनात आली.

त्या शेतकऱ्यांना जो पुढारी मिळाला तो जासईचा शेतकऱ्याचा मुलगा. दि. बा. पाटील वकील झाले आणि १९५७ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, शेतकरी कामगार पक्षातर्फे आमदार झाले. कागद वाचता येत होता, कायदा कळत होता आणि मागे गाव उभे होते. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात आंदोलन पेटले, गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. नुसत्या घोषणांनी हे झाले नाही. भाव किती, विकसित जमिनीची किंमत किती, मधला फायदा कोणाचा, हा हिशेब कोणीतरी मांडला म्हणून झाले. प्रश्न विचारणारा प्रतिनिधी असला की काय होते, त्याचे हे उदाहरण.

पुढे १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. १९९५ साली पहिली निवडणूक झाली आणि संजीव नाईक पहिले महापौर झाले. वय अवघे तेवीस ! म्हणजे तरुणाला खुर्ची मिळत नाही, ही तक्रार तिथे तरी चालायची नाही. महापालिकेने पुढे खालापूर तालुक्यातले मोरबे धरण स्वतःच्या मालकीचे केले. शहराच्या पाण्याची सोय झाली, ती दूरवरचा विचार केल्यामुळेच.

पण याच महापालिकेने दुसराही धडा दिला. २०१६ साली तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले. सकाळी फिरायला जाताना ते नागरिकांना भेटत, तक्रारी ऐकत. नगरसेवकांचे म्हणणे होते की आयुक्त आम्हाला विश्वासात घेत नाहीत. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांच्यावर अविश्वास ठराव आला आणि १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. मार्च २०१७ मध्ये त्यांची बदली झाली. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा आम्ही करीत नाही. लोकांनी निवडून दिलेल्यांना डावलून कारभार करू नये, हे खरेच आहे. पण लोकांची तक्रार नगरसेवकाच्या दारात न थांबता थेट आयुक्ताकडे का गेली, हा प्रश्न प्रत्येक तरुण प्रतिनिधीने रात्री निजताना स्वतःला विचारावा. मे २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकाने कारभार पाहिला. प्रतिनिधी नसला तर कोणाला धरायचे, हे तेव्हा लोकांना कळले.

म्हणून आमच्या तरुण सदस्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. विषयपत्रिका वाचल्याशिवाय हात वर करू नका. गटारीचे अंदाजपत्रक हातात घेऊन गटारीवर जा, टेपाने मोजा. कळले नाही तर "कळलं नाही, विचारून सांगतो" म्हणायला लाजू नका, त्यात कमीपणा नाही. आपल्याच संस्थेचे कंत्राट स्वतःच्या किंवा भावकीच्या नावावर घेऊ नका. कायद्याने पद तर जातेच, आणि अब्रू त्याच्याआधी जाते. विरोधकाने चांगला मुद्दा मांडला तर तो उचला, आणि आपल्या नेत्याचे चुकले तर त्याला बाजूला घेऊन का होईना, पण सांगा. वर्षातून एकदा चावडीवर उभे राहून किती आले, किती गेले, काय राहिले, ते वाचून दाखवा. सहकारातही कलम ८८ आहेच. संस्थेचे नुकसान केले तर संचालकाच्या खिशातून भरपाई होऊ शकते.

प्रवरानगरचा कारखाना १९५० साली उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगिळांना अध्यक्ष केले. शेतकऱ्याची हिंमत आणि जाणकाराचा हिशेब एकत्र आले, म्हणून ते रोप जगले. तरुणांच्या अंगी ही दोन्ही यावीत.

आणि थोडे आपल्या वडीलधाऱ्यांनाही. वार्षिक सभेत एखादा तरुण उठून ताळेबंदावर प्रश्न विचारू लागला की मागून "बस रे खाली" असा आवाज येतो. तो आवाज आपण बंद करू या. प्रश्न विचारणारे पोर हे संस्थेचे वैरी नसते, ते तिचे राखणदार असते. आज त्याला बसवले, तर उद्या तेच पोर खुर्चीवर गेल्यावर दुसऱ्याला बसवील. काटा सगळ्यांना सारखा असला पाहिजे, उसालाही आणि माणसालाही.