पाळीपूर्व लक्षणसमूह, मेंदूचे पार्श्वीकरण आणि किशोरवयीन मुली

अकरावीतली एखादी मुलगी महिन्यातले चार-पाच दिवस चिडचिडी होते, वाचलेले लक्षात राहत नाही म्हणते, क्षुल्लक कारणाने रडते. पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत पूर्ववत होते. घरात तिला ‘तापट’ हे विशेषण चिकटते. तुम्ही मानसशास्त्राचे विद्यार्थी असाल किंवा अशा मुलीचे शिक्षक, तर येथे दोन प्रश्न वेगळे ठेवा. तिच्या शरीरात काय घडते? आणि त्या दिवसांत तिच्या मेंदूच्या कामात काही बदलते का?

पहिल्या प्रश्नाकडे वैद्यकाचे लक्ष 1931 मध्ये रॉबर्ट फ्रँक यांनी वेधले. 1953 मध्ये रेमंड ग्रीन आणि कॅथरीना डाल्टन यांनी ‘प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम’, म्हणजे पाळीपूर्व लक्षणसमूह, हे नाव रूढ केले. स्तन दुखणे, पोट फुगल्यासारखे वाटणे, डोकेदुखी, झोप बिघडणे, उदासपणा, राग ही लक्षणे इतर अनेक कारणांनीही होतात. निदान ठरते ते लक्षणांवरून नव्हे, त्यांच्या वेळेवरून: पाळीच्या आधीच्या दिवसांत ती येतात, पाळी सुरू झाल्यावर ओसरतात आणि पुढच्या चक्रात पुन्हा त्याच वेळी येतात. पाळी सुरू होताना ओटीपोटात येणारी कळ ही वेगळी तक्रार आहे.

ही वेळ ठरते अंडमोचनामुळे. अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडल्यावर मागे उरलेल्या पुटकाचा पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन स्रवतो. गर्भधारणा झाली नाही तर पीतपिंड आक्रसतो, प्रोजेस्टेरॉन घसरते आणि पाळी येते. अंडमोचनच झाले नाही तर प्रोजेस्टेरॉनचा हा चढउतारही होत नाही. पहिली पाळी आल्यानंतर वर्ष-दोन वर्षे मुलींची बरीच चक्रे अशी अंडमोचनाविना जातात. म्हणून नुकतीच पाळी सुरू झालेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या प्रत्येक रुसव्याला ‘पीएमएस’ म्हणणे शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही घाईचे ठरते.

मग ज्या मुलींना त्रास होतो त्यांच्यात संप्रेरके जास्त असतात का? तसे नाही. अमेरिकेत 1998 मध्ये पीटर श्मिट आणि सहकाऱ्यांनी औषधाने अंडाशयाचे काम थांबवले आणि नंतर इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन बाहेरून दिले. पूर्वी त्रास असलेल्या स्त्रियांत लक्षणे परतली, इतरांत आली नाहीत. संप्रेरक तेच, पण मेंदूची संवेदनशीलता वेगळी.

आता पार्श्वीकरण. मेंदूच्या दोन गोलार्धांनी काही कामे वाटून घेतलेली असतात. बोलण्याचा संबंध डाव्या गोलार्धाशी आहे हे पॉल ब्रोका यांनी 1861 पासून आपल्या रुग्णांवरून दाखवले. निरोगी माणसात हे तपासण्याची सोपी रीत 1961 मध्ये डोरीन किमुरा यांनी पुढे आणली: दोन्ही कानांत एकाच क्षणी वेगवेगळे शब्द ऐकवायचे. बहुतेकांना उजव्या कानातले शब्द अधिक अचूक सांगता येतात, कारण त्या कानाकडून डाव्या गोलार्धाकडे जाणारा मार्ग अधिक प्रबळ असतो.

ही विभागणी पाळीच्या चक्रात स्थिर राहते का? जर्मनीतील बोखुम येथील मार्कुस हाउसमान आणि ओनूर ग्युंटुर्क्युन यांनी 2000 साली याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. दृष्टिक्षेत्राच्या डाव्या किंवा उजव्या भागात क्षणभर शब्द, आकृत्या व चेहरे दाखवून त्यांनी स्त्रियांची चाचणी दोनदा घेतली. पाळीच्या दिवसांत दोन गोलार्धांतील फरक ठळक होता. चक्राच्या उत्तरार्धात, प्रोजेस्टेरॉन जास्त असताना, तो कमी झाला. त्यांची उपपत्ती अशी: एरवी प्रबळ गोलार्ध दुसऱ्याला कॉर्पस कॅलोसम या मज्जातंतूंच्या जाड जुडग्यातून काहीसा दाबून ठेवतो, प्रोजेस्टेरॉनमुळे हा दाब सैल होतो आणि दोन्ही बाजू बरोबरीला येतात. नंतरच्या सर्व प्रयोगांत मात्र हेच चित्र दिसले नाही.

येथे विद्यार्थी हमखास एक उडी मारतात: पार्श्वीकरण बदलते, म्हणून मनःस्थिती बिघडते. या अभ्यासावरून तसे म्हणता येत नाही. त्यातील स्त्रिया प्रौढ होत्या आणि पाळीपूर्व त्रास हा त्याचा विषयच नव्हता. मोजलेला फरक प्रतिसादाच्या वेळेतील व अचूकतेतील आहे, स्वभावातील नाही. दोन्ही गोष्टी एकाच संप्रेरकाच्या तालावर चालतात. एकीने दुसरी घडते हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय कॉर्पस कॅलोसमच्या तंतूंवरील आवरणाची वाढ विशीपर्यंत चालू असते, त्यामुळे प्रौढांवरील निष्कर्ष पंधरा वर्षांच्या मुलीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. ‘मुली उजव्या मेंदूच्या’ वगैरे लोकप्रिय विधाने तर सोडूनच द्या.

प्रत्यक्षात उपयोगी पडते ती साधी वही. रोज रात्री तारीख, मनःस्थिती, झोप, दुखणे, अभ्यासातले लक्ष यांना 1 ते 6 गुण द्यायचे आणि पाळीच्या दिवसांवर खूण करायची. निदान दोन चक्रे. 2013 च्या ‘डीएसएम-5’मध्येही पाळीपूर्व त्रासाच्या तीव्र प्रकाराच्या निदानासाठी अशीच रोजची नोंद अपेक्षित आहे. उदासी महिनाभर टिकत असेल तर तो पाळीपूर्व लक्षणसमूह नव्हे, आणि ‘पाळी जवळ आली असेल’ म्हणून ती उडवून लावण्यात खरा धोका आहे. अशा वेळी, किंवा जगणे नकोसे वाटण्याची भाषा आली तर लगेच, टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर किंवा सरकारी रुग्णालयातील किशोर आरोग्य केंद्रात (महाराष्ट्रात ‘मैत्री’) बोलता येते. वही मात्र मुलीने स्वतः आणि त्याच दिवशी भरावी. महिनाअखेर आठवून, किंवा आईला विचारून भरली, तर पाळीच्या आधीचे भांडण तेवढे आठवते आणि मधल्या आठवड्यातले विसरले जाते.