एका शब्दाचे दोन विग्रह

अमरावतीत नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना मी इंग्रजी शिकवते. धारणी, दर्यापूर, अकोटकडच्या मुली, बहुतेक मराठी शाळांतून आलेल्या. उद्या इथल्या इर्विन रुग्णालयात नाहीतर अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात केसपेपर हाती येईल, तेव्हा तो मोठ्यानं वाचता आला पाहिजे.

'कोलेसिस्टेक्टमी'च्या स्पेलिंगमधला 'सीएच' पाहून वाचन 'चोले'नं सुरू होतं. मी शब्द शेपटीकडून धरायला सांगते. 'एक्टमी' म्हणजे कापून काढणं. त्याआधी 'सिस्ट', पिशवी. त्याही आधी 'कोले', पित्त. शेपटी 'ऑटमी' असेल तर नुसता छेद, 'ऑस्टमी' असेल तर वाट उघडी ठेवलेली. समासाचा विग्रह शाळेत झालेला असतो, त्यामुळे इथवर सगळं भराभर जमतं.

अडतं ते पुढे. अर्थासाठी शब्द जिथे तुटतो, तिथे तो उच्चारात तुटत नाही. 'कार्डिओ' आणि 'लॉजी' हे अर्थाचे तुकडे. तोंडात मात्र कार्-डि-ऑ-ल-जी, आणि जोर 'ऑ'वर. लॉजी, ग्राफी, पथी, एक्टमी, ऑटमी अशा शेपट्या असल्या की जोर शेवटून तिसऱ्या तुकड्यावर पडतो. मराठी जिभेला असा ठोका देण्याची सवय नाही. म्हणून वहीत शब्द दोनदा लिहायचा: वर अर्थाच्या रेघा, खाली उच्चाराच्या. मुली बोटांवर मागून मोजतात आणि मग म्हणतात.

मेळघाटच्या मुलींनी सिकलसेल घरादारात पाहिलेला असतो. सॉल्युबिलिटी चाचणीवरून रक्तात दोष आहे एवढंच कळतं. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस सांगते. 'फोरेसिस' म्हणजे वाहून नेणं. विजेच्या ओढीनं नेहमीचं हिमोग्लोबिन पुढे सरकतं, सिकलचं मागे राहतं. हे समजलं की इ-लेक्-ट्रो-फ-री-सिस न अडखळता येतं.

बोलण्यात वऱ्हाडी वळण राहिलं तर राहू द्या. त्यावरून कोणी हसलेलं मला खपत नाही. 'हायपो' आणि 'हायपर' यांचा शेवट गिळलेला मात्र चालणार नाही. हायपोग्लायसेमियात साखर उतरलेली, हायपरमध्ये चढलेली; पहिल्या रुग्णाला ग्लुकोज हवं, दुसऱ्याला सहसा इन्सुलिन. ड्यूटी बदलताना किंवा फोनवर सांगताना शब्दामागे 'साखर उतरली' असं मराठीत आणि आकड्यासह जोडायचंच.

'इलियम'पाशी तर उच्चारही कामाला येत नाही. कमरेचं हाड आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग, दोन्ही कानाला एकच. तिथे स्पेलिंग सांगायचं: 'एल'नंतर हाडाला 'आय', आतड्याला 'ई'.