आलिनासाठी दोन पानं
सुरांमागचं मन : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण एरिक सातींपाशी थांबलो होतो. आज थेट १९७६ सालच्या एस्टोनियात जाऊ. तेव्हा हा देश सोव्हिएत राजवटीखाली होता आणि आर्वो पार्त हे तिथले चाळिशीतले संगीतकार होते. १९६८ मध्ये त्यांच्या ‘क्रेडो’ या रचनेत ख्रिस्तावरच्या श्रद्धेचा उघड उच्चार आला आणि सरकारची खप्पा मर्जी झाली. खुद्द पार्त यांचाही तोवरच्या आधुनिक शैलीवरचा विश्वास उडाला होता. पुढची आठेक वर्षं चित्रपटसंगीतावर चरितार्थ चालला. स्वतःचं म्हणावं असं त्यांनी फार थोडं लिहिलं. जुनं चर्चगायन मात्र वहीमागून वही भरून अभ्यासलं. त्या अभ्यासातून बाहेर आलेली पहिली पियानो रचना म्हणजे ‘फ्यूर आलिना’, अर्थात ‘आलिनासाठी’.

आलिना ही त्यांच्या परिचयातल्या एका कुटुंबातली तरुण मुलगी. ती वडिलांबरोबर इंग्लंडला गेली आणि आई मागे राहिली. रचना मुलीच्या नावे असली, तरी ती आईच्या सांत्वनासाठी लिहिली असं सांगितलं जातं. ही हकीकत कळली की ऐकणारा लगेच ठरवून टाकतो : विरहाचं संगीत, म्हणून उदास. त्यात स्वरसप्तक बी मायनरचं. मायनर म्हणजे दुःख हे समीकरण आपल्याकडेही आता पाठ झालेलं आहे. पण हेच स्वर आपल्या आसावरी थाटाचे आहेत, आणि त्या थाटातले सगळे राग काही रडत नाहीत. तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवं.

स्वरलिपी अवघ्या दोन पानांची. तालाचं चिन्ह नाही, लयीची सक्ती नाही. शांतपणे, उदात्तपणे, स्वतःच्या आत कान लावून वाजवा एवढीच सूचना. सुरांची लांबी दोनच प्रकारची, आखूड आणि लांब. पहिल्या खंडात फक्त खर्जातला षड्ज. मग खंड एकेका सुराने लांबत जातात आणि तसेच आखूड होत येतात. उजवा हात सप्तकात वरखाली फिरतो. डाव्या हाताला मात्र तीनच सूर मोकळे : षड्ज, कोमल गंधार, पंचम. उजव्या हातात जो सूर येईल, त्याच्या लगतचा खालचा सूर या तिनांतून घ्यायचा. म्हणजे वर रिषभ आला की त्याच्यासोबत षड्ज, मध्यम आला की गंधार, कोमल धैवत आला की पंचम. या तीन ठिकाणी शेजारचे सूर एकमेकांना घासतात. इतरत्र जोडी सुखाने नांदते. बोचणं आणि निवणं यांची ही ये-जा नियमानेच ठरलेली आहे. रचनाकाराने मुद्दाम हळवं होण्याची गरजच उरत नाही, आणि माझ्या मते तीच या रचनेची श्रीमंती आहे. पार्त यांच्या पत्नी नोरा यांनी या दोन आवाजांचं नातं ‘एक अधिक एक बरोबर एक’ असं मांडलं. घंटानादावरून या पद्धतीला टिंटिनाबुली हे नाव पडलं.

तरीही माझा कान अडकतो तो खर्जावर. तानपुऱ्याच्या तारा पुन्हापुन्हा छेडल्या जातात, म्हणून षड्ज अखंड राहतो. इथे कागदावर तो सुरुवातीला एकदाच वाजतो. पायाखालचं पेडल दाबलेलं असतं, त्यामुळे तारांवरचे दाबे उचललेले राहतात आणि न वाजवलेल्या ताराही तरफांसारख्या हलकेच गुंजतात. पण पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. वरचे सूर एकेक करून येत राहतात आणि त्यांचा आधार मात्र ऐकता ऐकता ओसरत जातो. काही वेळाने षड्ज तारेत कमी आणि आपल्या आठवणीत जास्त असतो. दूर गेलेल्या माणसाचंही असंच होतं, हे सांगायला चरित्रातली हकीकत लागत नाही.

उत्तरार्धात एकाच ठिकाणी नियम मोडतो. डाव्या हातात ठरलेल्या तिनांऐवजी रिषभ येतो. पार्त यांनी स्वरलिपीत त्या सुरापाशी चक्क एक फूल काढलं आहे! त्याच सुमारास पेडल सुटतं आणि साठलेली गुंज विरते. एवढ्या काटेकोर हिशेबात एवढीशी सवलत, आणि तीच सर्वांत मानवी वाटते.

१९९९ मध्ये ईसीएमने काढलेल्या ‘आलिना’ या ध्वनिमुद्रिकेत अलेक्झांडर माल्टर यांनी ही रचना दोनदा वाजवली आहे. प्रत्येक वादन दहा मिनिटांहून मोठं. काही मिनिटांचा मजकूर त्यांनी पुन्हापुन्हा फिरवून, सप्तकं बदलत विस्तारला आहे. गस व्हॅन सँट यांच्या ‘जेरी’ या २००२ च्या चित्रपटातही ती आहे. हल्ली तिला झोप आणणाऱ्या संगीतात जमा करतात, ते मला अजिबात पटत नाही. ज्या रचनेत दर सुराला जोडीदार कोण येतो याकडे कान लागतो, ती झोपवणारी कशी?

पुढच्या आठवड्यात फिलिप ग्लास यांचं ‘मेटामॉर्फसिस’ घेऊ. तोवर ‘आलिना’ एकदा हेडफोन लावून ऐका, आणि दुसऱ्या खेपेला फक्त डावा हात ऐका.